नाथाजीचा कंदील

"दिवा इझलाय अण्णा. तीनदा सोडला, तीनदा इझला. आज कुणी उतरायचं न्हाई."

"आरं, तुजा कंदीलच फुटका! वात खाली गेली आसंल. गाड्या उभ्या हायती, बैलं उभी हायती, दुपारच्या आत माल सांगलीत पोचवायचाय. आन् तू हितं दिव्याची आरती करत बसलायस?"

"बैलं उभी हायती त्येच बरं हाय. माणूस आडवा झाला तर काय करायचं?"

"उगा अपशकुनी बोलू नगंस. सकाळधरनं तोंड उघडं हाय पेवाचं."

"मग तुमी उतरा की अण्णा. मी वरनं धोतार धरतो."

हे भांडण मनुबाईनं ऐकलं तेव्हा तिच्या लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. ती गोष्ट तीस सालची. डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन ती रानात आली होती आणि चार माणसांत नवऱ्यासमोर कसं जायचं म्हणून बाभळीआड थांबली होती. नवी नवरी लाजते ती नुसत्या डोळ्यांनी; कान काही लाजत नाहीत. तिनं सगळं ऐकलं. अण्णा म्हणजे नेमिनाथ व्यापारी, हळदीचा मोठा माल असलेला जैन माणूस. सगळं गाव त्याला नेमाण्णा म्हणायचं आणि त्याच्यापुढं हळू बोलायचं. आणि आपला नवरा नाथाजी, पोटासाठी कोयनेच्या खोऱ्यातून हरिपूरला आलेला हमाल, त्याला 'धोतार धरतो' म्हणत होता. मनुबाईला वाटलं, झालं, गेलं काम. आता पाटी घेऊन परत माहेरी, रहिमतपूरला.

पण काम गेलं नाही. नेमाण्णानं पागोटं काढलं, घाम पुसला, पागोटं घातलं, आणि गाडीवानांना म्हणाला, "बैलं सोडा रं. ह्यो ऐकणारा न्हाई."

हरिपूरची पेवं ज्यानं पाहिली नाहीत त्याला हे भांडण कळायचं नाही, म्हणून सांगते. कृष्णाकाठची ती माती अशी चिकट आणि घट्ट, की खड्डा खणला तर ढासळत नाही. वर तोंड एक माणूस जाईल एवढंच, आणि खाली पोट रांजणासारखं फुगत गेलेलं, दोन-अडीच पुरुष खोल. आतून पाचट आणि हळदीचा पाला लावायचा, हळकुंडं भरायची, तोंडावर फळ्या टाकून माती लिंपून टाकायची. मग वारा नाही, कीड नाही. पाच वर्षं ठेवा, सात वर्षं ठेवा, हळद काल टाकल्यासारखी. तोंडाजवळची थोडी किडते, तेवढं चालायचंच. पोटातली मात्र तशीच.

पण जिथं कीड जगत नाही तिथं माणूस कसा जगेल? पेव उघडलं की आधी ते तोंड वासून पडू द्यायचं, अर्धा दिवस, कधी एक दिवस. मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. दिवा जगला तर माणूस जगतो. दिवा विझला तर माणसानं उतरायचं नाही, मग वर राजाच्या गाड्या उभ्या असोत. नाथाजीच्या आधी आकाराम नावाचा माणूस हे काम करायचा. एकदा तो घाईनं उतरला. त्याला दोरीनं वर काढला तेव्हा हातातली पाटी हातातच होती म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दिवा तळाशी टिकला आणि नाथाजी उतरला. मनुबाई पुन्हा बाभळीआड. वरून गुंडा नावाचा त्याचा जोडीदार दर पाटीला हाक मारायचा, "नाथाजीऽ!" आणि खालून आवाज यायचा, "हायऽ!" ही तिथली रीत. खालच्यानं हाकेला ओ दिलीच पाहिजे. ओ आली नाही तर विचारायचं नाही, थांबायचं नाही, दोरी ओढायची. मनुबाईला तो आवाज जमिनीनंच हुंकार दिल्यासारखा वाटला, जाड, गोल आणि घुमणारा. घरात महिन्याला दहा शब्द बोलणाऱ्या माणसाचा एवढा मोठा आवाज असतो हे तिला त्या दिवशी कळलं. त्या दिवशी तिला नवरा आवडला असं म्हणायला हरकत नाही. त्या काळी बायकांना कोणी विचारत नव्हतं, आणि त्याही सांगत नव्हत्या.

सोळा वर्षं अशी गेली. पदरात मूल काही आलं नाही. घरात तिघं: नाथाजी, मनुबाई, आणि नाथाजीची थोरली विधवा बहीण धोंडुबाई. धोंडुबाईला औषधं दोनच ठाऊक, हळद आणि शिव्या. दोन्ही ती सढळ हातानं द्यायची. नाथाजी संध्याकाळी घरी आला की आधी कंदील खाली ठेवायचा, वात नीट कातरायचा, राखेनं काच पुसायचा, आणि कंदील दाराजवळच्या खुंटीला टांगायचा. मगच हातपाय धुवायचा. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना तेव्हा घरात करंजेलाची पणती जळायची. कंदिलातलं रॉकेल मात्र पेवाचं, त्याला हात लावायचा नाही. धोंडुबाई म्हणायची, "माझ्या भावाची थोरली बायकू खुंटीला हाय. ही आपली धाकटी."

नेमाण्णाशी भांडण दर साली व्हायचं, त्याच शब्दांत. कंदील फुटका म्हणणं, धोतर धरतो म्हणणं, सगळं ठरल्यासारखं. पण दुसऱ्या कोणी पेव उघडलं की नेमाण्णाच आधी विचारायचा, "नाथाजीनं दिवा सोडलाय का? मग काय बी बोलू नगा, उतरा."

पेवात हळदीची धूळ घशाला चिकटते. तोंड कोरडं पडतं, कोरडं पडलं की ओ देता येत नाही. म्हणून उतरणारी सगळीच माणसं गालात तंबाखू-चुना धरायची. नाथाजी डाव्या बाजूला धरायचा. जिभेची डावी कड त्या चुन्यानं कायम पांढरी. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. सुताराच्या हाताला घट्टा, तसा हा.

पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर त्या पांढऱ्या कडेवर तुरीच्या दाण्याएवढी जखम झाली. धोंडुबाईनं हळद चेपली. जन्म हळदीत गेलेला माणूस, त्याला दुसरं औषध कशाला? मध-हळद झाली, तूप-हळद झाली, नुसती हळद झाली. जखम भरेना. जीभ पिवळी आणि जखम लाल. धोंडुबाई हळदीला शिव्या द्यायला लागली, पण बदलली नाही.

खरं काय ते पहिल्यांदा गुंडाला कळलं. पेवाच्या तोंडाशी वाकून तो ओरडला, "नाथाबा, तोंडात काय घिऊन उतरलायस का रं? तुजं 'हाय' आज बोबडं येतंय!" वरचे चार जण हसले. खालून हसणं आलं नाही.

त्या दिवशी मनुबाईनं नवऱ्याला टांग्यात घातलं आणि गोऱ्या डॉक्टरांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर उंच, तांबूस, आणि मराठी बोलायचा अगदी छापल्यासारखं. त्यानं बोटानं जीभ चाचपली, चिमट्यानं कणभर मांस काढलं, आठ दिवसांनी बोलावलं. आठ दिवसांनी म्हणाला, "बाई, हा कॅन्सर आहे. मार्ग दोन आहेत. एक, जिभेचा अर्धा भाग कापून काढणे. दोन, रेडियम. रेडियमच्या बारीक सुया जिभेत सात दिवस ठेवायच्या. त्यांच्या तेजाने रोग जळतो, जीभ राहते. पुष्कळांना गुण येतो. सर्वांना येतो असे मी म्हणणार नाही."

नाथाजीनं मनुबाईकडं बघितलं. सोळा वर्षांत त्यानं तिला काही विचारलं असेल तर ते हेच, आणि तेही न बोलता.

मनुबाई म्हणाली, "चाकू नगं साहेब. जीभ ऱ्हाऊ द्या. त्यांचं काम बोलण्यावर हाय."

"बोलण्यावर? हे कीर्तन करतात काय?"

"न्हाई साहेब. खड्ड्यात उतरत्यात."

डॉक्टरनं एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे. पण ठरलं ते मनुबाईच्या शब्दानं ठरलं. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिनं ती पुढं एक दिवसही विसरली नाही.

माघात सुया घातल्या. शिवायच्या सुईएवढ्या, दहा-अकरा. प्रत्येकीला दोरा, आणि ते दोरे ओठांतून बाहेर काढून गालावर चिकटवलेले. नर्सबाई सकाळ-संध्याकाळ दोरे मोजायची, थुंकलेलंसुद्धा तपासायची, सुई हरवता कामा नये म्हणून. मनुबाईला आत जायची मनाई. त्या तेजाचा त्रास धडधाकट माणसाला होतो म्हणे. ती उंबऱ्यावर उभी राहायची. बोलायला त्याला येत नव्हतं, आणि आलं असतं तरी तो काय बोलला असता? पण सोळा वर्षं रानात ऐकलेलं तिला एकदम आठवलं. तिनं आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच हाक घातली, "हाय न्हवं?" त्यानं खाटेवरून एक बोट वर केलं.

सात दिवस दिवसातून चार वेळा ती हाक घालायची आणि तो बोट वर करायचा. नर्सबाई म्हणाली, "हे काय हो, शाळेतली हजेरी?" मनुबाई म्हणाली, "तसंच."

सुया काढल्या तेव्हा डॉक्टरनं बजावलं, "आता जखम आधी वाढेल, नंतर भरेल. भरली तरी दर महिन्याला यायचे. भरली तरीसुद्धा. समजले?"

दोघांनी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं.

महिनाभर नाथाजीचं तोंड आतून भाजल्यासारखं होतं. ताक घोटघोटभर पाजावं लागायचं. मग खरंच जखम आवळत गेली. चैत्रात एका सकाळी धोंडुबाईनं खिडकीच्या उजेडात त्याला आ करायला लावलं आणि ओरडली, "भरली गं बया! तोंड मिटलं जखमंचं!" आणि शेजारच्या सात घरांत गूळ वाटून आली. जाताना रेडियमचं नाव तिला आठवेना, म्हणून 'साहेबाच्या सुया आन् माझी हळद' एवढंच सांगत गेली.

नाथाजी कामावर गेला. हळद भरायचे दिवस होते ते. पेवं भरून, फळ्या टाकून, लिंपून घ्यायची घाई. महिना भरला तेव्हा मनुबाई म्हणाली, "आवं, साहेबानं बोलावलंय न्हवं?"

"कशाला? भरलंय की."

"भरलं तरी या म्हणाला."

नाथाजीनं मातीचे हात झटकले. "पेवाचं तोंड लिंपलं की कोन उघडून बघतं का? उघडलं की वारं जातं, मग माल बिघडतो. चांगलं बसलंय त्ये बसू दे."

सोळा वर्षं त्या एका शहाणपणावर त्याचं पोट चाललं होतं. लिंपलेलं तोंड नीट असलं की आत सगळं नीट. दुसऱ्या कोणाला असं उत्तर सुचलं नसतं आणि दुसरीला ते पटलं नसतं. मनुबाईला पटलं. खरं तर पटवून घ्यायचंच होतं. दुसऱ्या महिन्यात तिनं एकदा विषय काढला, तिसऱ्यात काढलाच नाही. रानात भाकरी घेऊन गेली की खालून येणारं 'हाय' ती कान देऊन ऐकायची. थोडं जाड येत होतं, पण येत होतं. आपण जीभ वाचवली, असं तिला त्या आवाजाकडं बघून वाटायचं. आवाजाकडं कोणी बघत नाही, पण तिला दिसायचा तो.

आषाढात जबड्याखाली गाठ आली, लिंबाएवढी. जिभेवर वरून काही नव्हतं, गुळगुळीत. पण बोट दाबलं तर आत सुपारी ठेवल्यासारखं कडक लागायचं. श्रावणात, नदी उतरल्यावर, ती दोघं परत गेली.

डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं बराच वेळ चाचपलं, हात धुतले आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"रोग मेला नाही," तो म्हणाला. "वरचा मेला. आतला राहिला."

"सगळ्याला सुया टोचल्या व्हत्या की साहेब," मनुबाई म्हणाली. "मग आर्धाच कसा मेला?"

"सर्व कारणे मलाही ठाऊक नाहीत, बाई. काही गाठी जातीच्याच चिवट असतात. परंतु विलायतेत काही डॉक्टर एक गोष्ट म्हणतात. गाठीच्या ज्या भागात रक्त फिरते, तेथे रक्ताबरोबर वारा पोहोचतो. वारा असेल तेथे रेडियमचा मारा चालतो. परंतु गाठ मोठी झाली की तिच्या पोटात रक्त पोहोचत नाही. तेथे वारा नाही. तो भाग अर्धमेल्यासारखा पडून असतो, आणि रेडियम त्याला मारू शकत नाही. वरचा भाग जळून गेला की मग त्याला रक्त मिळते, वारा मिळतो, आणि तो पुन्हा वाढतो."

मनुबाईला निम्मं कळलं. पण नाथाजी पुढं सरकला होता. त्याला बोलणं जड जात होतं. त्यानं बाजूच्या तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि फरशीवर काढायला लागला. वर चिंचोळं तोंड, खाली रांजणासारखं फुगलेलं पोट. तोंडापाशी त्यानं तळवा फिरवून पाणी पुसून टाकलं. मग पोटाच्या तळाशी बोट टेकलं आणि ते तिथंच ठेवलं.

"हे काय? मडके?" डॉक्टरनं विचारलं.

"पेव हाय साहेब," मनुबाई म्हणाली, आणि सांगता सांगता तिच्या अंगावर काटा आला. "आमच्याकडं हळद ठेवत्यात. वारं न्हाई म्हणून ऱ्हाती. तोंडाजवळची किडती. तळाची... तळाची तशीच ऱ्हाती. सात वर्सं."

डॉक्टर त्या ओल्या चित्राकडं बघत राहिला. श्रावणातली फरशी, लवकर वाळत नव्हती.

"होय," तो शेवटी म्हणाला. "अगदी असेच."

"मग पुन्यांदा सुया घाला की."

"त्याच जागी पुन्हा नाही घालता येत. भोवतीच्या चांगल्या मांसाने जेवढे सोसायचे तेवढे सोसले आहे. आता घातल्या तर ते जळेल, आणि रोग राहील. कापायचे म्हटले तर गाठ आता मानेच्या मोठ्या शिरेला धरून बसली आहे."

मनुबाईनं पदराचं टोक मुठीत आवळलं. "आमी महिन्याला आलो आसतो तर?"

"गाठ लवकर सापडली असती. तेव्हा कदाचित कापता आली असती. कदाचित नाही. मला खोटे बोलता येत नाही, बाई."

"आन् पैल्यांदाच... माघात मी चाकू नगं म्हनलं न्हसतं तर?"

डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "दोन माणसांच्या दोन गाठी माझ्या बोटाला सारख्याच लागतात. एक रेडियमने विरघळून जाते, दुसरी राहते. कोणती राहणार, हे आधी मलाही ओळखता येत नाही. मग तुम्हाला कसे येणार?"

नाथाजी तिच्याकडं बघत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर धोंडुबाईनं विचारलं, "काय म्हणला तुजा साहेब?" मनुबाई म्हणाली, "हवा न्हाई म्हणला." धोंडुबाई म्हणाली, "मग खिडकी उघडी ठीव की!" आणि लगेच उठून तिनं खिडकी उघडली. त्यावर मनुबाई इतकी हसली की रडायला लागली, आणि मग धोंडुबाईलाही समजलं. तिनं त्या दिवसापासून नाथाजीला एकही शिवी दिली नाही. त्यामुळं नाथाजीला आपण मरणार हे पक्कं कळलं.

दसरा गेला, दिवाळी गेली. भाकरी गेली, भात गेला, पेजेवर आला. बोलणं भादव्यातच गेलं होतं. मनुबाई कामाला कमी पडली नाही. धुणं, पुसणं, पेज गाळणं, सगळं वेळच्या वेळी. पण त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही. 'चाकू नगं, जीभ ऱ्हाऊ द्या.' जीभ राहिली होती. सुपारीसारखी होऊन, तोंड भरून राहिली होती.

नेमाण्णा एक दिवसाआड येऊन उंबऱ्याजवळ बसायचा. आता तोही म्हातारा झाला होता, पागोट्याची टोपी झाली होती. हळदीचा भाव, लढाई संपली तरी न मिळणारं रॉकेल, सगळं स्वतःच बोलायचा आणि स्वतःच चिडायचा. "आरं, काय तरी म्हण की लेका! भांडण बी मी एकट्यानंच करायचं व्हय?" नाथाजी हात हलवायचा. नेमाण्णा मनुबाईला म्हणायचा, "वहिनी, बघा की, आज पैल्यांदाच माझं ऐकून घेतोय," आणि उठून अंगणात जाऊन नाक शिंकरायचा.

मार्गशीर्षात तो सांगून गेला की शिरगावच्या वाटेवरचं मोठं पेव उद्या उघडायचं. "गुंडा सोडंल दिवा. तू काळजी करू नगंस."

नाथाजीनं मान हलवली. नाही. त्यानं खुंटीकडं बोट दाखवलं, मग स्वतःकडं.

पौष काही त्यानं बघितला नाही. पण हे एक काम त्याआधी झालं.

सकाळी उन्हं वर आल्यावर तो निघाला. कंदील त्याच्या हातात, दोरी मनुबाईच्या खांद्यावर, कारण दोरीचं वजन त्याला पेलेना. वाटेत चारदा बसला. पेवाशी पोचले तेव्हा फळ्या काढून अर्धा दिवस झाला होता, गाड्या उभ्या होत्या. बायकांनी पेवाच्या तोंडाशी जायचं नाही अशी तिथली चाल. मनुबाई सवयीनं बाभळीपाशी थांबली. नाथाजीनं वळून तिला हातानं बोलावलं.

"नाथाबा, बाईमानसाला कशाला..." गुंडा म्हणाला. नाथाजीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. गुंडा बाजूला झाला.

नाथाजीनं तिला तोंडाशी गुडघ्यावर बसवलं आणि आत बोट दाखवलं. बघ.

"काय दिसत न्हाई," मनुबाई म्हणाली. काळा अंधार, आणि हळदीचा वास. पेव भलं आहे का बुरं, वरून काही सांगता येत नव्हतं.

त्यानं कंदील पेटवला, गाठ मारली आणि दोरी तिच्या हातात दिली. त्यानं वरून आपला हात ठेवला. कंदील खाली जायला लागला. एक हात, दोन हात, चांगला जळत होता. पिवळी हळकुंडं उजेडात चमकली. आणखी खाली, अजून जळत होता. मनुबाईला वाटलं, आहे, वारा आहे, दिवा जगणार. तळाशी पोचता पोचता ज्योत निळी झाली, आक्रसली आणि गेली.

नाथाजीनं आपल्या जबड्याखालच्या गाठीवर बोट ठेवलं, मग त्या काळ्या तोंडाकडं नेलं. मग तिच्या डोळ्यांसमोर तळवा आडवा धरला आणि हळूहळू हलवला. वरून दिसत नाही. कोणालाच दिसत नाही. दिवा सोडल्याशिवाय कळत नाही, आणि जिभेत काही दिवा सोडता येत नाही.

चार महिन्यांनी मनुबाईनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "व्हय वो." आणि दोघांनी मिळून दोरी वर ओढली.

"इझला?" मागून नेमाण्णानं विचारलं.

नाथाजीनं हात वर केला. आज कुणी उतरायचं नाही.

नेमाण्णा म्हातारा होता, पण खुळा नव्हता. त्यानं छाती फुगवली आणि ओरडला, "आरं, तुजा कंदीलच फुटका! बैलं उभी हायती माझी, गाड्या..." पुढं त्याचा आवाज चिरकला.

नाथाजीनं वाकून त्याच्या धोतराचा सोगा हातात धरला आणि दुसऱ्या हातानं पेवाकडं दाखवलं. उतरा.

गाडीवान हसले, गुंडा हसला, नेमाण्णा हसत हसत खाली बसला तो बसलाच. "बैलं सोडा रं," तो म्हणाला. "ह्यो ऐकणारा न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती दोघं पुन्हा गेली. कंदील तळाला गेला आणि जळत राहिला. नाथाजीनं तो पुरता घटकाभर तसाच ठेवला, नेहमी ठेवायचा तेवढा, मग वर घेतला आणि गुंडाला मानेनं हो म्हटलं. गुंडा उतरला. वरून हाक गेली, "गुंडाऽ!" खालून आलं, "हायऽ!" नाथाजी शेवटची पाटी वर येईपर्यंत तिथं बसून ते ऐकत होता. मनुबाई शेजारी बसली होती, बाभळीआड नाही.

घरी यायला दिवस मावळला. मनुबाई म्हणाली, "द्या, मी ठेवते." त्यानं दिला नाही. उंबऱ्यावर बसून वात कातरली, चुलीतली राख चिमटीत घेतली, काच आतून पुसली, बाहेरून पुसली, उजेडाकडं धरून बघितली, एक डाग राहिला होता तो पुन्हा पुसला. मग उठून कंदील खुंटीला टांगला आणि हातपाय धुवायला गेला.